शनिवारची टेस्टिंग गुरुवारीच झाली होती

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये इअरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. मधले अडखळणं, खोकणं काढलंय. बाकी बोललो तसंच आहे.

एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, डिप्लोमा झाला, इस्त्र्या बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये क्वालिटीला लागलोय. बीआयएसचं इन्स्पेक्शन येणार आहे. काय तयारी करू?"

मित्रा, मीही एकेकाळी हेच काम करायचो. माझ्यासारखी करू नकोस, एवढं आधी सांगतो.

आधी थोडी ओळख. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो. पूर्वीची आयएसआय ही संस्था १९८७ मध्ये बीआयएस झाली, पण शिक्क्याचं नाव लोकांच्या तोंडी आयएसआय असंच राहिलं. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, वायर, स्विच अशा वस्तू या शिक्क्याशिवाय विकता येत नाहीत. २००३ च्या सरकारी आदेशाने ते सक्तीचं केलंय.

शिक्का मिळवायचा तर अधिकारी कारखान्यात येतो. माल कसा बनतो ते बघतो, टेस्टिंगची उपकरणं बघतो, तुमच्या माणसाला समोर टेस्ट करायला लावतो आणि नमुने घेतो. लायसन्स मिळालं की संपलं, असं नाही. नंतरही अधिकारी येतात, तेही न कळवता. शिवाय बाजारातून तुमचाच माल विकत घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात.

म्हणजे "आदल्या दिवशीची तयारी" हा प्रकारच बाद. आदला दिवस कुठला, हे तुम्हाला कळतच नाही.

आता माझी गोष्ट.

आमच्या युनिटला लायसन्स होतं. प्रत्येक इस्त्रीची हाय व्होल्टेज टेस्ट करायची आणि रजिस्टरला नोंद करायची, हे माझं काम. या टेस्टमध्ये वीज वाहणारा भाग आणि बाहेरचं धातूचं अंग यांच्यामध्ये हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब देतात. आतलं इन्सुलेशन कुठे कच्चं असेल तर करंट गळतो आणि मशीन ट्रिप होऊन ओरडतं. गळती किती झाली की ओरडायचं, ते एका डायलवर ठरवलेलं असतं.

पावसाळा सुरू झाला आणि मशीन सारखं ओरडायला लागलं. लाईन थांबायची, डिस्पॅच अडायचा. सुपरवायझर म्हणाला, "अरे, दमट हवेने होतं ते. डायल वाढव जरा." मी वाढवला. मशीन गप्प झालं, सगळे खूश.

रजिस्टरचंही तसंच. रोज लिहायचा कंटाळा, म्हणून सोमवारीच आठवड्याची पानं भरून टाकायचो. सगळीकडे "पास".

आणि एका गुरुवारी सकाळी साहेब दारात उभे. रजिस्टर मागितलं, पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, "आज गुरुवार आहे. शनिवारची टेस्टिंग कधी केलीत?"

काय उत्तर देणार?

मग त्यांनी मागची पानं चाळली. "दोन महिन्यांत एकही पीस फेल नाही?" तोपर्यंत मला वाटायचं, फेल नसणं ही अभिमानाची गोष्ट. त्यांना त्यातच संशय आला. हजारो पीस बनवणाऱ्या लाईनवर एकही रिजेक्ट नसेल, तर एक तर माल देवाने बनवलाय, नाहीतर मशीन बघतच नाहीये.

पुढचा प्रश्न आजही आठवतो. "हे मशीन खराब माल पकडतं, हे तुम्हाला रोज कसं कळतं?" मी घाईघाईने कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट काढलं. ते म्हणाले, "हे त्या दिवसाचं झालं. आजचं सांगा." मग मुद्दाम खराब केलेला पीस लावायला सांगितला. मशीनने पास केला.

दमट हवेचं म्हणाल, तर सुपरवायझर अर्धा बरोबर होता. इस्त्रीच्या एलिमेंटच्या नळीत, तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ही पूड ओल ओढून घेते. नळीची टोकं नीट सील केलेली असतील तर काही होत नाही, नसतील तर पावसाळ्यात गळती वाढते. म्हणजे मशीन उगाच ओरडत नव्हतं. आमच्या सीलिंगमध्ये खोट होती, ती ते सांगत होतं. आम्ही सीलिंग सुधारायचं सोडून सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं.

शिक्का लावणं थांबवावं लागलं. डायल जागेवर आणून गोडाऊनमधले सगळे बॉक्स पुन्हा उघडले. काही इस्त्र्या फेल झाल्या. मालकांनी डीलरांना फोन करून माल परत मागवला, बराचसा आलाही. जो विकला गेला होता, तो नाही आला. ओल्या हाताने शाळेच्या शर्टला इस्त्री करणारं कुणाचं तरी घर असेल, त्यात अर्थिंग आहे की नाही मला माहीत नाही. "पास" मात्र माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

तर मित्रा, तयारी ही अशी कर.

तुझ्या वस्तूचं भारतीय मानक आणि प्रॉडक्ट मॅन्युअल बीआयएसच्या वेबसाइटवरून उतरवून घे. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३०२ ही मालिका आहे. नवी सुधारणा आलीय का, ते बघत जा. कुठली टेस्ट किती वेळा करायची, कुठली उपकरणं लागतात, ते मॅन्युअलमध्ये असतं. बाहेरून घेतलेली वायर, प्लग, थर्मोस्टॅट यांचे कागद बॅचप्रमाणे लावून ठेव.

रोज सकाळी पहिला चांगला पीस लावायच्या आधी मशीनला एक खराब पीस दाखव. ओरडलं, तरच लाईन सुरू. त्याचीही नोंद कर. अर्थिंगच्या टेस्टचंही तेच: अर्थची पिन आणि इस्त्रीचा धातूचा तळ यांच्यातला रोध, वायरचा सोडून, ०.१ ओहमच्या आत हवा. तार काढून बघ, मीटर "फेल" म्हणतो का.

रजिस्टर त्याच क्षणी भर. आकडा लिही, नुसतं "पास" नको. फेल झालेला पीस लपवू नकोस. का फेल झाला आणि पुढे काय केलं, ते लिही. फेलच्या नोंदी असलेलं रजिस्टर घेऊन साहेबांसमोर उभं राहायला लाज वाटायचं कारण नाही. उलट, तीच खरी तयारी.

आणि तुम्ही बाकीचे, जे फक्त इस्त्री विकत घेता: शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाका, लायसन्स कुणाचं आणि चालू आहे का ते दिसतं. मोबाईल चार्जरवर आर ने सुरू होणारा नंबर असतो. ती योजना वेगळी. तिथे आधी कारखान्याची तपासणी नसते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर नोंदणी होते. तो नंबरही त्याच अ‍ॅपमध्ये तपासता येतो.

दोन मिनिटांचं काम आहे. आज घरी गेल्यावर करा आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!