लखनौचे लोकायुक्त: नियुक्तीच्या वादात हरवलेला विश्वास

उत्तर प्रदेशच्या लोकायुक्तपदी निवृत्त न्यायमूर्ती वीरेंद्र सिंह यांची नियुक्ती करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी दिला आणि २८ जानेवारी २०१६ रोजी तो स्वतःच मागे घेतला. राज्याचा लोकायुक्त थेट सर्वोच्च न्यायालयाने नेमण्याची वेळ यापूर्वी आली नव्हती. भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाची निवडच लखनौमध्ये एवढी वादग्रस्त का ठरली, हे समजण्यासाठी या पदाचे अधिकार आधी पाहावे लागतील.

मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून पुढच्याच वर्षी ही यंत्रणा सुरू केली. उत्तर प्रदेशचा कायदा १९७५ चा असून प्रत्यक्ष कार्यालय १९७७ मध्ये स्थापन झाले. प्रतिज्ञापत्रासह तक्रार दाखल करणाऱ्या कोणत्याही नागरिकाला मंत्री किंवा अधिकाऱ्याविरुद्ध या कार्यालयाचे दार ठोठावता येते. मुख्यमंत्री मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

तथापि, लोकायुक्त शिक्षा देऊ शकत नाहीत. चौकशीत आरोप सिद्ध होत असल्याचे आढळल्यास ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे मंत्र्याच्या बाबतीत मुख्यमंत्र्यांकडे, अहवाल पाठवतात. त्यावर तीन महिन्यांत काय केले हे प्राधिकाऱ्याने कळवायचे असते. उत्तर समाधानकारक नसेल तर राज्यपालांना विशेष अहवाल सादर करता येतो आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. याच्यापुढे कायद्याचे हात पोहोचत नाहीत. निष्पक्ष व्यक्तीने चौकशी केली आहे, हा लोकांचा विश्वास हेच या अहवालाचे खरे बळ आहे.

ते बळ उत्तर प्रदेशने अनुभवले होते. न्यायमूर्ती एन. के. मेहरोत्रा मार्च २००६ मध्ये लोकायुक्त झाले. त्यांच्या अहवालांनंतर २०११ मध्ये मायावती मंत्रिमंडळातील काही मंत्र्यांना पद सोडावे लागले. लखनौ आणि नोएडा येथे उभारलेल्या स्मारकांच्या बांधकामावरील त्यांचा अहवाल मे २०१३ मध्ये आला. दगडखरेदीतील गैरव्यवहारामुळे सरकारी तिजोरीचे सुमारे १,४०० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता, आणि दोन माजी मंत्र्यांसह १९९ जणांवर ठपका ठेवण्यात आला होता. केंद्रीय अन्वेषण विभाग किंवा विशेष पथकाकडून तपास व्हावा, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने हे प्रकरण राज्याच्याच सतर्कता विभागाकडे सोपवले. गुन्ह्याची नोंद लखनौच्या गोमतीनगर ठाण्यात सुमारे सात महिन्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये झाली.

दरम्यान मेहरोत्रा यांची सहा वर्षांची मुदत मार्च २०१२ मध्ये संपली होती. त्याच महिन्यात सत्तेवर आलेल्या अखिलेश यादव सरकारने कायद्यात दुरुस्ती करून ती आठ वर्षे केली आणि नवा लोकायुक्त येईपर्यंत पदावर राहण्याची सोयही केली. मुदतवाढीला न्यायालयात आव्हान देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये दुरुस्ती वैध ठरवली, परंतु सहा महिन्यांत नवी निवड करण्याच्या दिशेने पावले उचलावीत, असेही बजावले. सहा महिने उलटले, वर्षही उलटले.

नव्या लोकायुक्ताच्या निवडीत मुख्यमंत्री, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि विरोधी पक्षनेते यांचा विचारविनिमय अपेक्षित होता. योगायोग असा की, या वादातील दोन महत्त्वाच्या पदांवर त्या वेळी मराठी व्यक्ती होत्या: राज्यपाल राम नाईक आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश धनंजय चंद्रचूड. सरकारने पुढे केलेल्या एका नावाला मुख्य न्यायाधीशांची सहमती नव्हती. तरीही ते नाव पुन्हा पाठवण्यात आले आणि नाईक यांनी फाईल परत केली. त्यावर सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये निवडप्रक्रियेतून मुख्य न्यायाधीशांची भूमिकाच काढून टाकणारे विधेयक विधिमंडळात संमत करून घेतले. राज्यपालांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. ज्यांच्या कारभाराची चौकशी व्हायची, त्यांनाच चौकशी करणारा निवडण्याची घाई आहे, असा समज बळावण्यास एवढे पुरेसे होते.

डिसेंबरमध्ये न्यायालयाने दिलेली अखेरची मुदतही टळली. न्यायमूर्ती रंजन गोगोई आणि न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांच्या पीठाने सरकारकडून पाच नावांची यादी घेतली आणि घटनेच्या कलम १४२ अन्वये त्यातील वीरेंद्र सिंह यांचे नाव निश्चित केले. या नावाबद्दल आपण आक्षेप नोंदवला होता आणि ते यादीत नसेल असे सांगण्यात आले होते, असे चंद्रचूड यांनी राज्यपालांना पत्राने कळवले. ही बाब न्यायालयापुढे आलीच नव्हती. २० डिसेंबरचा शपथविधी आदल्या दिवशी स्थगित झाला. पुढे न्यायालयाने आदेश मागे घेऊन न्यायमूर्ती संजय मिश्रा यांची नियुक्ती केली. ३१ जानेवारी २०१६ रोजी त्यांनी शपथ घेतली, तेव्हा एप्रिल २०१४ च्या आदेशाला २१ महिने झाले होते आणि सहा वर्षांसाठी आलेले मेहरोत्रा जवळपास दहा वर्षे पदावर राहिले होते.

नियुक्ती सुरळीत झाली म्हणजे विश्वास टिकतो, असे मात्र नाही. कर्नाटकात लोकायुक्तांच्या हाताशी स्वतंत्र पोलीस यंत्रणा होती, आणि खाणउद्योगावरील अहवालानंतर २०११ मध्ये तेथील मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. मात्र २०१५ मध्ये लोकायुक्त कार्यालयातूनच खंडणी मागितली जात असल्याचे आरोप झाले, तत्कालीन लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली आणि लखनौचा वाद शिगेला असतानाच, डिसेंबरमध्ये, बंगळुरूत लोकायुक्तांनी राजीनामा दिला.

महाराष्ट्राने ५० वर्षांनी आपल्या जुन्या कायद्याची जागा घेणारे विधेयक आणले. विधानसभेने ते डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले. मुख्यमंत्र्यांना लोकायुक्तांच्या कक्षेत आणणे हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. मात्र त्यांची चौकशी सुरू करण्यापूर्वी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती घेण्याची अट त्याच विधेयकात आहे.