घरोघरी मतदार नोंदणी : स्वयंसेवकांनी घ्यावयाची दक्षता

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार याद्या तयार होत असताना एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. नोंदणीसाठी घरी आलेल्या कर्मचाऱ्यास अनेक स्त्रिया स्वतःचे नाव सांगत नसत. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढीच ओळख त्या देत. अशी नोंद ग्राह्य धरणे देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना उचित वाटले नाही. परिणामी सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे वगळावी लागली व १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत त्या मताधिकारास मुकल्या. उंबरठ्यावरील दोन मिनिटांच्या संभाषणाचे मोल यावरून ध्यानी यावे.

आज मतदार यादीचे काम मतदान केंद्रस्तरीय अधिकारी पाहतात. त्यांत शिक्षकांची संख्या मोठी असते. त्यांना साहाय्य करणाऱ्या स्वयंसेवकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवणे हितावह ठरेल.

भेटीपूर्वी

आपल्या भागाची यादी आधी वाचून काढावी. कोणत्या घरातील कोणाची नावे आहेत, हे ठाऊक असल्यास नेमके प्रश्न विचारता येतात. शेतीच्या कामाच्या दिवसांत दुपारी घरे बंद असतात. म्हणून सायंकाळची वेळ अधिक सोयीची. सोबत त्याच वस्तीतील एखादी महिला, शक्यतो बचत गटाची सदस्य असावी.

उंबरठ्यावर

प्रथम आपले नाव व येण्याचे प्रयोजन सांगावे. 'घरात मतदार किती?' असे विचारल्यास घरप्रमुख एक आकडा सांगून मोकळा होतो आणि नवी सून, अंथरुणास खिळलेली आजी किंवा अपंग मुलगा मोजणीतून सुटतो. त्याऐवजी 'अठरा वर्षे पूर्ण झालेले कोण कोण येथे राहतात?' असे विचारावे. स्त्रीचे नाव शक्यतो तिच्याच तोंडून ऐकावे आणि लिहिलेले नाव वाचून दाखवावे.

सुटणारी नावे

विवाहित मुलीचे नाव पुष्कळदा माहेरच्या यादीतच राहते. तिने सासरी नमुना ८ भरून स्थलांतराची नोंद करावी. पूर्वी कोठेच नाव नसल्यास नमुना ६ भरावा. दोन ठिकाणी नाव ठेवण्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० अन्वये मनाई आहे. अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार हंगामात कित्येक महिने गावाबाहेर असतात. परंतु तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे गावचा सर्वसाधारण रहिवास संपुष्टात येत नाही, असे याच अधिनियमात स्पष्ट केले आहे. कुलूप पाहून 'स्थलांतरित' असा शेरा मारणे म्हणूनच चुकीचे होय. अशा वस्त्यांवर कामगार कारखान्यांकडे निघण्यापूर्वीच जावे.

ज्यांना घरच नाही, त्यांनाही मताधिकार आहे. अर्जात नमूद केलेल्या ठिकाणी संबंधित व्यक्ती खरोखर झोपते किंवा कसे, याची खात्री केंद्रस्तरीय अधिकारी रात्री भेट देऊन करतात. तशी खात्री पटल्यास निवासाच्या कागदी पुराव्यावाचून अडत नाही.

तरुणांबाबत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे वर्षातून चार अर्हता दिनांक २०२२ पासून लागू झाले आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी हे वर्गात अवश्य सांगावे.

मर्यादांचे भान

स्वयंसेवकाने कोणत्याही पक्षाचे चिन्ह अंगावर बाळगू नये; मत कोणाला द्यावे, हा विषयही काढू नये. आधार क्रमांक देणे ऐच्छिक आहे, हे स्पष्ट सांगावे. कोणाचीही मूळ कागदपत्रे स्वतःजवळ ठेवू नयेत. नाव समाविष्ट करण्याचा वा वगळण्याचा निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्यांचा असतो. म्हणून 'तुमचे काम झाले' असे आश्वासन न देता, यादी प्रसिद्ध झाल्यावर नाव पाहून घेण्यास सांगावे.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रामपंचायत निवडणुकीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. येथे सुटलेले नाव तेथेही सुटते. पहिल्या निवडणुकीत २८ लक्ष स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. आज एखाद्या स्त्रीचे नाव कोणी विचारलेच नाही म्हणून राहून गेले, तर तो दोष तिचा म्हणता येणार नाही.