गिरणीची इमारत, निवास आणि नियम

प्रस्तावना

जुन्या कारखान्याची इमारत न पाडता तिच्या प्रशस्त मजल्यांवर घरे करणे, यास नागरी अभ्यासात 'लॉफ्ट' निवास म्हणतात. आपल्या घरातील पोटमाळ्याशी त्याचा संबंध नाही. उंच छत, मोठ्या खिडक्या आणि खांबांवर पेललेले मोकळे मजले ही यंत्रांसाठी केलेली रचना निवासासही उपयुक्त ठरते. न्यूयॉर्कच्या सोहो भागात अशा इमारतींत राहणाऱ्या कलावंतांना १९७१ मध्ये मान्यता मिळाली. १९८२ च्या कायद्याने त्या शहरातील लॉफ्टच्या भाडेकरूंना संरक्षण दिले.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या. गिरणगावातही भक्कम इमारती होत्या. मग तेथे लॉफ्ट निवास का रुजला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमाचे गणित

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीची मोकळी जमीन, तसेच इमारती पाडून रिकामी होणारी जमीन, महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात वाटली जाणार होती. जुनी इमारत राखून वापरल्यास तिच्याखालील जमिनीची वाटणी टळत असे. त्यामुळे लोअर परळच्या फिनिक्स व कमला मिलच्या आवारात जुन्या शेडमध्ये व्यवसाय आले. मात्र ती दुकाने व कार्यालये होती, घरे नव्हेत. २००१ च्या दुरुस्तीने पाडकामातून रिकामी होणारी जमीन वाटणीतून वगळली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी ही दुरुस्ती वैध ठरविली. परिणामी इमारत राखण्यामागील आर्थिक कारणच संपले आणि अनेक ठिकाणी गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले.

निष्कर्ष

वाटणीची जमीन घटल्याने कामगारांच्या घरांसाठीची जागाही घटली. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरे होती. अर्जदार मात्र दीड लाखाच्या आसपास होते. तथापि भिंती वाचल्या म्हणजे माणसे वाचतात असेही नाही. सोहोतही वाढत्या किमतींमुळे अनेक कलावंतांना तो भाग सोडावा लागला. म्हणून वास्तूचे जतन आणि श्रमिकांचा निवारा या दोन्हींची तरतूद नियमातच असावी लागते.

राहाता तालुक्यातील प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यासारख्या वास्तूंचा विचारही याच दृष्टीने व्हावा. जतनाचे निकष कारखाना चालू असतानाच ठरवावेत. तो बंद पडल्यावर निर्णय जमिनीच्या भावाच्या हाती जातो.