चालू संगणक, संपलेला आधार

पेणच्या गणपती कारखान्यात बिलं छापणारा किंवा रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत वजनकाट्याला जोडलेला संगणक जुना असला, तर मालकाचं उत्तर ठरलेलं असतं, "चालतोय ना!" चालतो खरा. पण विंडोज 7चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला, विंडोज 10चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं कंपनी आपणहून बुजवत नाही. क्रोम ब्राउझरचीही विंडोज 7वर चालणारी शेवटची आवृत्ती 109.

आधार संपवण्याचं कारण साधं आहे. प्रत्येक नवा बदल जुन्या यंत्रांवरही तपासावा लागतो, त्याला माणसं लागतात आणि ती यंत्रंही जपावी लागतात. फुकट मिळणाऱ्या लिनक्सनेसुद्धा 1985च्या इंटेल 386 चिपचा आधार 2012मध्ये काढला. सत्तावीस वर्षं म्हणजे पुष्कळच झाली. विंडोज 11 मात्र टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसलेले धडधाकट संगणकही अधिकृतपणे स्वीकारत नाही. ही मला सक्तीच वाटते.

नवा संगणक परवडत नसेल, तर जुन्याचं इंटरनेट काढा, बँकेचे व्यवहार त्यावर करू नका आणि हिशेबाची प्रत दुसरीकडे ठेवा.