सात इंची लॅपटॉप हाताळताना

तैवानच्या आसुस कंपनीने २००७ साली ‘ई पीसी ७०१’ बाजारात आणला आणि ‘नेटबुक’ हा छोट्या लॅपटॉपचा प्रकार रुजला. वजन किलोपेक्षा कमी, पडदा ७ इंची, रॅम ५१२ एमबी. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी यात ४ जीबीची फ्लॅश मेमरी होती, त्यामुळे हलवाहलवीत बिघडण्याची भीती कमी. विंडोजऐवजी हलके लिनक्स असल्याने यंत्र सुरूही चटकन होई. सीडी ड्राइव्हला मात्र फाटा दिलेला. फायली पेनड्राइव्हवरून घ्यायच्या.

अडचणी हाताळल्यावर कळत. पडद्यावर आडवे ८०० आणि उभे ४८० ठिपकेच मावत. तेव्हाच्या अनेक वेबसाइट याहून रुंद पडद्यासाठी बनवलेल्या, त्यामुळे वाचताना पान आडवे सरकवावे लागे. ४ जीबीतला मोठा वाटा सिस्टीमच व्यापत असे. कीबोर्डच्या कळा बारीक, त्यात उजवी ‘शिफ्ट’ वरच्या बाणाच्या पलीकडे ढकललेली. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीने मराठी टाइप करताना ‘ख’, ‘घ’, ‘भ’साठी शिफ्ट लागतेच, तिथे बोटे हमखास चुकत.

मिनी लॅपटॉप आजही मिळतात, प्रोसेसरही कितीतरी वेगवान झाले आहेत. पण बोटे आणि डोळे तेच आहेत. म्हणून दुकानात नुसते वजन पाहू नका. मराठीत दहा ओळी टाइप करा, एखादे लांबलचक पान वाचा, चार्जरही उचलून बघा. प्रवासात जोडीला दुसरे यंत्र म्हणून मिनी लॅपटॉप सोयीचा. घरातला एकमेव संगणक म्हणून घेऊ नये.