यंत्राची मागोवा-वही

हुबळीच्या आरक्षण-खिडकीवर आज हावडा ते दिल्ली प्रवासाचेही तिकीट मिळते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील रेल्वेची संगणक-केंद्रे १९९९ साली परस्परांस जोडली गेली, त्याचे हे फळ होय. अनेकांच्या मागण्या एकाच वेळी पुरविणाऱ्या अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. मोठ्या कारभारात असे अनेक सर्व्हर एकमेकांवर विसंबून असतात.

आता आपण अशीच एक मोठी यंत्रणा कल्पू या. ऐन गर्दीत तिचे काम थांबते. रांगेतील लोक कारकुनावर चिडतात, कारकून तारेला दोष देतो आणि तारेचा माणूस सर्व्हरकडे बोट दाखवितो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तर काम बहुधा चालू होते. परंतु कारण अज्ञातच राहते. अशा प्रसंगी ट्रेस फाईल, म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेली मागोवा-वही, उघडावी लागते.

तीत प्रत्येक पायरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, मागणीचा क्रमांक आणि निष्पत्ती लिहिलेली असते. नवशिका शेवटची ओळ वाचून थांबतो. तेथे 'उत्तर आले नाही' एवढेच असते. ते लक्षण होय, रोग नव्हे. जाणता मनुष्य तोच क्रमांक धरून वर वर वाचीत जातो. १० वाजून २ मिनिटांनी प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे गेला, आणि पुढे ३० सेकंद काहीच नाही! मग दुसऱ्याची वही पाहावी. तेथे तोच क्रमांक ताटकळत आहे, कारण मासिक अहवालाच्या कामाने हिशेबाचा तक्ता अडवून ठेवला आहे. कारकून निर्दोष, तारही निर्दोष! मात्र दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळली नसतील, तर हा सारा क्रम उलटासुलटा दिसेल.

नोंदीची ही चाल जुनीच आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' गणकयंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो चक्क नोंदवहीतच चिकटविला!

सविस्तर मागोवा सदैव चालू का ठेवू नये, असे कोणी विचारील. त्याने यंत्र मंदावते आणि साठवणीची जागाही भरून जाते. म्हणून तो थोडा वेळ चालू करून, बिघाड पुन्हा घडवून, लगेच बंद करतात. लोकांचे गुप्त संकेतशब्द तर त्यात कधीच उतरू देऊ नयेत. आमच्या उदाहरणात अहवालाचे काम रात्रीवर ढकलावे लागेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गर्दीच्या वेळची वही पुन्हा चाळावी लागेल.