चोविसाने न सुटणारा भागाकार

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसतात तेव्हा त्यांचा खांदा बुरुजाला लागतो, आणि पायथ्याची गवळण दरवाजातून आत जाऊच शकणार नाही एवढी थोराड असते. ते कोणाला खटकत नाही, कारण त्या किल्ल्याला प्रमाणाचे बंधन नसते. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून मोटारी आणि ट्रक जोडणाऱ्यांचे मात्र प्रमाणाशिवाय पान हलत नाही. जपानी आणि युरोपीय किट बहुधा 1:24 चे, अमेरिकी 1:25 चे. म्हणून बाहेरच्याला वाटते की खऱ्या गाडीची मापे घ्यायची, चोविसाने भागायची, की झाली प्रतिकृती. करणाऱ्याकडे फक्त चिकाटी हवी. माझे म्हणणे असे की हा भागाकार सुटतच नाही, आणि तो सुटत नाही म्हणूनच या छंदाला कारागिरी म्हणायचे.

आकडेच मांडून पाहा. मोटारीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. चोविसाने भागला तर 0.03 मिलिमीटर उरतो, म्हणजे केसाहून बारीक. साच्यातून निघालेले पॉलिस्टायरीन इतके पातळ नसते. किटमधली बॉडी साधारण एक मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ इंचभर. तो पत्रा रणगाड्याला शोभेल. मग चाकावरच्या कमानीची कड आतल्या बाजूने कानशीने तासतात. बाकीची बॉडी जाडच राहते, पण डोळ्याला धार दिसते आणि डोळा पत्रा मान्य करतो. रंगाचेही तेच. मेटॅलिक रंगातला 25 मायक्रॉनचा कण या प्रमाणात 0.6 मिलिमीटरची टिकली होतो, आणि खऱ्या गाडीचाच रंग मारलेली छोटी मोटार मखरासारखी चमचमते. म्हणून बारीक कणांचा, अनेकदा मुद्दाम थोडा फिका केलेला रंग निवडावा लागतो. खरे दिसण्यासाठी खऱ्यापासून दूर जावे लागते.

ट्रकवर हे आणखी उघडे पडते, कारण ट्रक राबलेला दिसला पाहिजे. मडगार्डवर खरी माती लावली तर अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण बारा मिलिमीटरची खडी होऊन बसतो. त्यामुळे चिखल रंगाच्या पुडीचा करायचा. पोपडे काढण्याची रीत तर पाहण्यासारखी आहे. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर केस बसवायचा साधा हेअरस्प्रे, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा वरचा रंग. तो वाळला की कोमट पाण्याने भिजवायचे आणि आखूड केसांच्या ब्रशने हलके घासायचे. खालचा स्प्रे पाण्यात विरघळतो, वरचा रंग वेडावाकडा सुटतो आणि गंज उघडा पडतो. पण घासायचे कुठे? पायरीवर, दाराच्या मुठीखाली, फाळक्याच्या कडेला; जिथे माणसाचा पाय, हात आणि माल लागतो तिथेच. टपावर पोपडे काढणाऱ्याने ट्रक नीट पाहिलेला नसतो.

कारखान्यांनाही या निवडीतून सुटका नाही. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1976 च्या पोर्शे 934 च्या 1:12 किटसाठी खरी पोर्शे 911 विकत घेऊन सुटी केली. ती परत जोडायला पोर्शेच्या तंत्रज्ञांची मदत घ्यावी लागली. याच कंपनीने त्याआधी पँथर रणगाड्याचे किट काढताना आत मोटर आणि सेल मावावेत म्हणून जे आकारमान धरले, ते 1:35 भरले. आज लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींचे जगभर रूढ असलेले प्रमाण ते हेच. अचूकतेचे म्हणून मिरवणारे परिमाण सेलच्या डब्यातून निघाले!

इथे निष्ठावंतांचा आक्षेप येतो: तडजोड समजू, पण गाडी खाली बसवणे, इंजिन बदलणे, मूळ आराखडा मोडणे ही तर मनमानी. मला वाटते, इतिहास त्यांच्या बाजूने नाही. अमेरिकेत एएमटीने 1958 मध्ये आणलेल्या किटमध्ये एकाच खोक्यातून तीन प्रकारच्या गाड्या निघत: कारखान्यातली, शर्यतीची आणि हौशीने बदललेली. म्हणजे फेरफार खोक्यातच होता. जनरल मोटर्सच्या आश्रयाने 1930 ते 1968 चाललेल्या फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड या स्पर्धेत आरंभी नेपोलियनकालीन बग्गीची हुबेहूब प्रत करायची असे. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार घडवण्याचा भाग आला आणि बग्गी मागे पडली. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती, हा तिचा कोतेपणा. 1947 साली तिथे बक्षीस मिळवणारा चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. आणि मनमानी म्हणाल, तर बदललेल्या गाडीची परीक्षा जास्त कडक असते. मोठे इंजिन बसवले तर रेडिएटर कुठे, एक्झॉस्ट चाकाला घासतो का, स्टिअरिंगचा दांडा कुठून जातो, हे पाहणारा विचारतोच. जपानी चित्रपटमालिका ‘तोराक्कु यारो’ (1975-79) हिने लोकप्रिय केलेले दिव्यांनी मढवलेले ट्रक आओशिमा कंपनी 1:32 च्या किटमध्ये विकते. तिथेही नुसता झगमगाट चालत नाही, दिव्यांची चौकट केबिनला कशाने धरली आहे तेही दिसावे लागते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि तयार डायकास्टचा. खर्च आहे, नाकारत नाही. डायकास्ट गाडीही देखणी असते, पण तिच्यातले सगळे निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात. ज्याला ते स्वतः घ्यायचे आहेत त्याने पहिल्याच खेपेला लालभडक स्पोर्ट्स कार घेऊ नये. गुळगुळीत रंगावर धुळीचा एक कण बसला तरी लपत नाही. ट्रक घ्यावा, तोही कामाचा, मालवाहू. त्याच्यावर हात चुकला तर ओरखडा वापराचा म्हणून खपतो.